देहभार, मेद आणि अस्थी : वाशीम परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठीत माणसाच्या बांध्याचे वर्णन करताना हाडांचा उल्लेख सहज येतो. दणकट माणूस हाडापेराने मजबूत असतो, आजाराने खंगलेल्याची नुसती हाडे उरतात आणि संसारासाठी राबणारी बाई हाडांची काडे करते. त्याच भाषेत अंगाने भरलेल्या माणसाला खात्यापित्या घरचा म्हणण्याची रीत आहे. या बोलण्यामागे एक जुने गृहीतक आहे. अंगावर मांस आणि मेद असेल, तर आतली हाडेही भक्कम असणार, हे ते गृहीतक होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वैद्यकशास्त्रही बराच काळ जवळपास याच मताचे होते. वजनदार स्त्रीची हाडे घन आणि किरकोळ स्त्रीची विरळ, असा निष्कर्ष युरोप-अमेरिकेतील पाहण्यांमधून वारंवार निघत होता.

प्रस्तुत निबंधात या गृहीतकाचा विचार वाशीम परिसराच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. मात्र वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे प्राचीन वत्सगुल्म ब्रिटिश अमदानीतही एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. कागदोपत्री त्याचे नाव बासीम असे होते आणि १९०५ साली तो जिल्हा मोडण्यात आला. जुना बासीम आणि नवा वाशीम यांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, कारण जुन्या जिल्ह्यात पुसद तालुका होता. तरीही या दोन जिल्ह्यांमध्ये जे शतक गेले, त्यात येथील माणसाचे अन्न, श्रम आणि शरीराची घडण या तिन्ही गोष्टी बदलल्या. हाडाचे बळ केवळ वजनावर ठरत नाही. ते वजन कशाचे बनले आहे आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यात अंगावर चढले आहे, यावर ते अधिक अवलंबून असते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. दुष्काळाचा आणि अन्नाचा इतिहास बाजूला ठेवून हा प्रश्न समजून घेता येत नाही.

मेदापासून अस्थी : प्राचीन विचार

आयुर्वेदात सप्तधातूंचा क्रम रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असा सांगितला आहे. आधीच्या धातूच्या परिपाकातून पुढचा धातू पोसला जातो, ही त्यामागील कल्पना. या क्रमात अस्थीच्या लगेच आधी मेद येतो, म्हणजे हाडाचे पोषण मेदातून होते असे प्राचीन वैद्य मानत होते. वरवर पाहता लोकव्यवहारातील समजुतीला येथे शास्त्राचा आधार मिळतो. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंद्य देहांची जी चर्चा आहे, ती या समजुतीला एक महत्त्वाची मर्यादा घालते. या आठांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश या दोन देहांचा विचार तेथे विस्ताराने केला आहे. अतिस्थूल माणसाच्या शरीरात मेद तेवढा साचत राहतो आणि इतर धातूंच्या वाट्याला पोषण येत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. स्थूल आणि कृश या दोहोंत कृश त्यातल्या त्यात बरा, असा कौलही ग्रंथकाराने दिला आहे.

या विवेचनावरून प्राचीन वैद्यांना अस्थिघनतेचे आधुनिक ज्ञान होते, असा दावा करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. त्यांच्यासमोर क्ष-किरण नव्हते आणि प्रयोगशाळाही नव्हती. तथापि मेद हाडाला पोसतो की हाडाच्या वाट्याचे स्वतः खातो, हा प्रश्न त्यांनी नेमकेपणाने विचारला होता, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

युरोपात हा विचार वेगळ्या वाटेने झाला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने प्राण्याचा आकार वाढला की हाडाची जाडी त्याहून अधिक प्रमाणात वाढावी लागते, हे गणिताने दाखविले. १८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने हाडावर जसा भार पडतो तशी त्याची अंतर्रचना बदलते, हा सिद्धान्त मांडला. हाड ही निर्जीव खुंटी नसून ते भारानुसार सतत मोडते आणि घडते, ही आजच्या अस्थिविज्ञानाची बैठक तेथून सुरू होते.

इनामगावची बालके

हाड भारानुसार घडते, तर हाडावरून भाराचा अंदाजही बांधता आला पाहिजे. महाराष्ट्रात याचे एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील या शेतकरी वस्तीत लहान मुलांचे दफन घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मातीच्या रांजणांत केले जाई. सुमारे इ. स. पू. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे आणि इ. स. पू. १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ मानला जातो. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि वस्तीला उतरती कळा लागली.

अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाच्या मध्यभागाची जाडी आणि घडण यांवरून त्यांनी मुलांच्या वजनाचा अंदाज केला. उत्तर जोर्वे काळातील मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी होत गेल्याचे त्यांना आढळले. तीन हजार वर्षांपूर्वीची उपासमार हाडाच्या जाडीत नोंदली गेली होती. ही नोंद लहान मुलांच्या हाडांत सापडावी, याला विशेष अर्थ आहे. हाड घडण्याचा काळ हा वाढीचा काळ असतो आणि त्या वयातली तूट पुढे सहजी भरून निघत नाही.

बासीम जिल्हा आणि वजनाचा सरकारी हिशेब

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले. या दोन सालांच्या दरम्यान वऱ्हाडची काळी जमीन कापसाच्या जागतिक बाजाराशी जोडली गेली. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला जो भाव आला, त्याने शेतीचे वळणच बदलले. धान्य पिकविणारा शेतकरी हळूहळू धान्य विकत घेणारा झाला. पाऊस गेला की त्याच्यावर दुहेरी संकट कोसळू लागले, कारण हातात पीकही नसे आणि दाणा घेण्यास पैसाही नसे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हे दाखवून दिले. यांपैकी दुसरा, विक्रम संवत १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा, अधिक भीषण होता. १९०१च्या जनगणनेत बासीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही घट सुमारे अकरा टक्के होती. त्याच दशकात संपूर्ण वऱ्हाडची घट पाच टक्क्यांच्या आसपास होती. पैनगंगेच्या खोऱ्यातील आणि बालाघाटाच्या पठारावरील या जिल्ह्याला दुष्काळाचा फटका प्रांताच्या सरासरीहून दुपटीने बसला, हे या आकड्यांवरून उघड होते. चार वर्षांनी जिल्हाच मोडण्यात आला.

भूक आणि शरीराचे वजन यांचा सरकारी पातळीवर हिशेब होऊ लागला तो याच कालखंडात. १८७७ साली मद्रास इलाख्यातील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याने कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरेशी ठरविली, तेव्हा डॉ. विल्यम कॉर्निश या आरोग्याधिकाऱ्याने तिला कडाडून विरोध केला. एवढ्या अन्नावर खडी फोडणारा माणूस तगणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच दुष्काळात मरण पावलेल्यांची शवविच्छेदने अलेक्झांडर पोर्टर या डॉक्टराने केली आणि १८८९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात सामान्य माणसाचे वजन पद्धतशीरपणे नोंदले गेले ते तुरुंगात, पलटणीत आणि मृत्यूनंतर. घरात जगणाऱ्या बाईला तराजूवर उभे करण्याची गरज कुणाला वाटली नाही. या उणिवेमुळे दुष्काळपूर्व वऱ्हाडी स्त्रीच्या देहाचा इतिहास अप्रत्यक्ष पुराव्यांवरूनच लिहावा लागतो.

असा एक पुरावा मृत्यूच्या नोंदींत आहे. टिम डायसन आणि अरूप महारत्न या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी वऱ्हाडसह अनेक प्रांतांतील दुष्काळी मृत्यूंचा अभ्यास केला. दुष्काळात पुरुषांच्या मानाने स्त्रियांच्या मृत्युदरातील वाढ कमी राहते, असे त्यातून पुढे आले. याची कारणे अनेक असली, तरी स्त्रीच्या शरीरात मेदाचा साठा अधिक असतो हे त्यांपैकी एक मानले जाते. मेद ही तेव्हा खरोखरच आयुष्याची शिदोरी होती. खात्यापित्या घरचा हा शब्दप्रयोग हेव्याचा का झाला, हे छप्पनच्या दुष्काळाकडे पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

मात्र दुष्काळातून वाचलेल्या देहाचे पुढे काय होते, याचे उत्तर वेगळ्या खंडात मिळाले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज याने ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागले तेव्हा त्यांच्या अंगावर आधी मेद परतला आणि स्नायू मागाहून. भुकेतून सावरणारे शरीर प्रथम शिदोरी बांधते आणि नंतर घर दुरुस्त करते. हा कल पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजात कोणत्या स्वरूपात उतरतो, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

ज्वारी, तीळ आणि आंबाडी

वजन भाकरीने वाढते, पण हाडाला चुनखत लागते. या दृष्टीने वाशीमकडील जुन्या आहाराकडे पाहणे उद्‌बोधक ठरते. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अन्नमूल्यांच्या जुन्या तक्त्यानुसार शंभर ग्रॅम ज्वारीत अवघे २५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर खाल्ल्या जाणाऱ्या नाचणीत ते ३४४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्वारीच्या भाकरीने पोट भरले तरी हाडाची गरज भागत नाही. ती तूट भाकरीसोबतच्या जिनसांतून भरून निघत असे. त्याच तक्त्यात तिळात १४५० मिलिग्रॅम, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यात ३४०, शेवग्याच्या पाल्यात ४४० आणि आंबाडीच्या भाजीत १७२ मिलिग्रॅम कॅल्शियम नोंदले आहे. ज्वारीच्या पाट्यात आंबाडीची ओळ, हरभऱ्याच्या शेतात पाला खुडणाऱ्या बाया, घरच्या तिळाची चटणी आणि दावणीच्या गाईचे ताक ही गरिबाच्या हाडाची तरतूद होती. ज्वारीचा कडबा जनावराला आणि जनावराचे दूध घराला, हे चक्रही त्यात आलेच.

हे चक्र दुष्काळात सर्वांत आधी तुटे. चारा संपला की जनावरे मरत किंवा कवडीमोलाने विकली जात. पुढच्या वर्षी पाऊस पडून दाणा आला, तरी दूध यायला अनेक वर्षे लागत. दुष्काळाच्या इतिहासात धान्याचे भाव बारकाईने नोंदले जातात, पण मुलांच्या वाढत्या हाडांच्या दृष्टीने गोठा रिकामा होणे हा अधिक दीर्घ परिणामाचा प्रसंग होता. इतिहासलेखनात याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, खडी फोडण्याच्या कामावर होते. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांनी माणसे जगविली. १८९९ सारखे मृत्यूचे थैमान या वेळी झाले नाही, हे स्वतंत्र राज्ययंत्रणेचे यश मानले पाहिजे. पण जगणे आणि वाढणे यांत अंतर आहे. दोन्ही धान्यांनी ऊर्जा दिली, दूध आणि पालेभाजी मात्र त्या वर्षी दुर्मीळच होती.

पुढील काळात, विशेषतः १९९०च्या दशकापासून, वाशीम भागात सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीन प्रथिनांनी समृद्ध असले तरी ते शेतकऱ्याच्या ताटात येत नाही. ते बाजारात जाते आणि तेलाच्या डब्याच्या रूपाने परत येते. ज्वारी गेली तशी तिच्याबरोबरची आंबाडी आणि कडबाही कमी झाला. स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदूळ आणि बाजारातील तेल यांनी पोट भरण्याची हमी दिली. शंभर वर्षांपूर्वी अभाव उष्मांकांचा होता, आता तो अन्नातील वैविध्याचा झाला.

वजन हाडाला काय देते

युरोपातील संख्याशास्त्रज्ञ क्वेतले याने १८३०च्या दशकात वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची पद्धत मांडली. १९७२ साली कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिलाच बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले आणि ती जगभर रूढ झाली. दुसरीकडे हाडांची घनता मोजण्याचे डेक्सा हे यंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाले आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडांच्या विरळतेची, व्याख्या निश्चित केली. या दोन मोजमापांची सांगड घातल्यावर वजन आणि हाड यांचे नाते आकड्यांत दिसू लागले.

हे नाते तीन वाटांनी घडते. पहिली वाट भाराची होय. जड देह उभा ठेवताना हाडावर ताण पडतो आणि हाड त्यानुसार घट्ट होते. पण येथेही मुख्य जोर स्नायूंच्या ओढीचा असतो, नुसत्या वजनाचा नव्हे. दुसरी वाट संप्रेरकांची आहे. पाळी थांबल्यानंतर स्त्रीच्या बीजकोशातून इस्ट्रोजेन मिळेनासे होते, तेव्हा मेदपेशींत तयार होणारे थोडे इस्ट्रोजेन हाडाची झीज मंदावते. तिसरी वाट अगदी साधी आहे. पडताना खुब्यावरची चरबी गादीसारखी आघात झेलते.

याच्या उलट कामे करणाराही मेदच असतो. हाडाच्या पोकळीतील मज्जेत एकाच मूळ पेशीपासून हाड घडविणारी पेशी तयार होऊ शकते किंवा मेदपेशी. एकीकडे कल वाढला की दुसरीकडे तूट येते. पोटात साचलेला मेद दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवतो आणि ती हाडाची झीज वाढवितात. ड जीवनसत्त्व मेदात अडकून पडते व रक्तात कमी उरते. १९९४ साली शोध लागलेले लेप्टिन हे मेदपेशींचे संप्रेरक मेंदूमार्फत हाडाच्या घडणीला आवर घालते, असे जेरार्ड कार्सेंटी यांच्या चमूने २०००च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. विलक्षण बाब अशी की दीर्घ उपासमारीत अंगावरची चरबी आटते, पण मज्जेतील चरबी वाढते. म्हणजे कृश देहाच्या हाडातही मेदाचा शिरकाव होतो.

या परस्परविरोधी परिणामांची बेरीज काय होते? २००५ साली डी लाएट आणि सहकाऱ्यांनी बारा पाहण्यांतील जवळपास साठ हजार स्त्री-पुरुषांची माहिती एकत्र केली. बॉडी मास इंडेक्स २५ असलेल्यांच्या तुलनेत तो २० असलेल्यांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. पण तो ३० असलेल्यांत धोका फक्त १७ टक्क्यांनी कमी होता. कृशतेचे नुकसान मोठे आणि स्थूलतेचा लाभ किरकोळ, असा हा विषम व्यवहार आहे. २०११ मध्ये दहा देशांतील स्त्रियांच्या मोठ्या पाहणीतून तो किरकोळ लाभही सर्व हाडांना मिळत नसल्याचे स्पष्ट झाले. स्थूल स्त्रियांत घोट्याचे आणि मांडीच्या हाडाचे अस्थिभंग उलट अधिक होते. मधुमेह असेल तर यंत्रावर घनता चांगली दिसूनही हाड मोडण्याची शक्यता वाढते, हेही आता मान्य झाले आहे.

सडपातळ, तरीही मेदयुक्त

या सर्व पाहण्यांत एक गृहीत होते. वजन वाढले की त्याबरोबर स्नायूही वाढतात, हे ते गृहीत. महाराष्ट्रातील संशोधनाने त्याला छेद दिला. १९९३ पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. ही गावे वाशीमपासून दूर असली, तरी कोरडवाहू शेती, भाकरीचा आहार आणि गरोदरपणातही न सुटणारे शेतकाम या बाबतीत दोन्ही प्रदेशांत बरेच साम्य आहे. गर्भधारणेपूर्वी या मातांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि बॉडी मास इंडेक्स सुमारे १८ होता. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. ही बाळे स्नायूंनी फार उणी होती, परंतु त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने बराच टिकून होता. सडपातळ असूनही मेदयुक्त असे या भारतीय बालकाचे वर्णन २००३ साली करण्यात आले आणि मधुमेहाच्या चर्चेत ते जगभर गाजले.

हाडांच्या संदर्भात याच अभ्यासातील दुसरा भाग मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांची घनता मोजण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या मातांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती. मातेच्या रक्तातील फोलेटची पातळीही मुलाच्या हाडांशी निगडित होती. याआधी डॉ. शोभा राव यांनी याच मातांच्या आहारावरून दाखविले होते की बाळाच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक होता. आंबाडी आणि ताक यांचे मोल आता आकड्यांत उतरले होते.

या मुली पुढे स्त्रिया होतात तेव्हाचे चित्र हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न यांच्या अभ्यासात मिळते. त्यांनी ३० ते ६० वयोगटातील अल्प उत्पन्न गटातल्या २८९ स्त्रियांची अस्थिघनता तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती विकसित देशांतील स्त्रियांपेक्षा बरीच कमी आढळली आणि कमी वजनाचा तिच्याशी संबंध दिसला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डेक्सा यंत्र हाडाची खोली मोजत नाही, त्यामुळे लहान चणीच्या स्त्रीचे हाड प्रत्यक्षाहून अधिक विरळ दिसते. गोऱ्या स्त्रियांचे मापदंड वऱ्हाडी देहाला जसेच्या तसे लावणे म्हणूनच योग्य नव्हे. ही सूट दिली तरी हैदराबादच्या आकड्यांमागील दारिद्र्याचा भाग पुसला जात नाही.

आजचा वाशीम

२०११च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि २०१८ साली नीती आयोगाने निवडलेल्या महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. संपूर्ण महाराष्ट्राचा विचार करता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये सुमारे ३६ टक्के स्त्रिया कृश होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीत अतिवजनी किंवा स्थूल स्त्रिया सुमारे २३ टक्के आढळल्या. राज्याच्या इतिहासात कृश स्त्रियांपेक्षा स्थूल स्त्रिया अधिक असण्याचा हा नवा प्रसंग आहे. आशियाई लोकांत कमी वजनावरच मेदाचे प्रमाण अधिक असते, हे लक्षात घेऊन भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ ठरविली. तो मापदंड लावल्यास स्थूलतेकडे झुकलेल्या स्त्रियांची संख्या आणखी वाढते.

या बदलाकडे केवळ सुबत्तेची खूण म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. वाशीमच्या एखाद्या खेड्यातील स्त्री लग्नाच्या वेळी चाळीस-बेचाळीस किलोची असते आणि चाळिशीनंतर बावन्न-पंचावन्न किलोची होते, तेव्हा तराजूच्या हिशेबाने तिची प्रकृती सुधारलेली असते. पण तिचे हाड घडले ते पहिल्या बेचाळीस किलोंच्या काळात. साधारणपणे तिशीपर्यंत हाडांचा साठा पूर्ण होतो, त्यानंतर चढणारे वजन त्यात फारशी भर घालू शकत नाही. वरचे दहा-बारा किलो पुष्कळदा पोटावर चढतात. घरात नळ आला, दळण गिरणीत गेले, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली. हे कष्ट गेले याबद्दल खंत करण्याचे कारण नाही, डोक्यावरच्या हंड्याचे गुणगान तो हंडा कधी न उचललेल्यांनी करू नये. तथापि स्नायूंची जी ओढ हाडाला जागे ठेवी, तीही त्याबरोबर गेली. पूर्वी ओढ होती आणि दूध-पाल्याची वाण होती, आता तेल-साखर आहे आणि ओढ नाही.

वजन घटविण्याचा सल्लाही येथे जपून द्यावा लागतो. उपास करून वजन उतरविले तर मेदाबरोबर स्नायू आणि हाडही झिजते, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. आठवड्यातून दोन-तीन उपास धरणाऱ्या स्त्रीला केवळ कमी खाण्यास सांगणे म्हणजे तिच्या आधीच तुटपुंज्या साठ्यातून आणखी काढणे होय. कारंजा-मानोरा भागातील शेतमजूर स्त्री आणि वाशीम शहरातील नोकरदार स्त्री यांना एकच आकडा लावून एकच सल्ला देणे म्हणूनच चुकीचे ठरते.

गरोदरपणी उपकेंद्रात स्त्रीचे वजन नोंदले जाते, अंगणवाडीत तिच्या मुलाचे. तिशीनंतर आशा कार्यकर्तीच्या फितीने कंबरेचा घेर घेतला जातो, तो मुख्यतः मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका ओळखण्यासाठी. तीच फीत पोटावरच्या मेदाची खबर देते आणि त्या खबरीचा हाडाशीही संबंध आहे. १९७२-७३ मध्ये आईच्या पोटात असलेल्या मुली आता पन्नाशी ओलांडून पाळी थांबण्याच्या वयात आल्या आहेत. त्या वर्षी विशीत असताना हातोडीने खडी फोडणाऱ्या त्यांच्या आया सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत आणि ओसरीवरून उतरताना त्यांचा पाय घसरला की खुबा मोडतो.